आंबागडाची वाटणी

पडका वाडा पाहायला गेलेला मराठी माणूस फार वेळ पाहुणा राहत नाही. दिंडी ओलांडल्यावर पाच-दहा मिनिटं तो ‘बापरे, काय भिंती आहेत’ वगैरे म्हणतो आणि मग हळूहळू तिथे राहायलाच येतो. देवघर कुठे असेल, पाहुण्यांना कुठे उतरवत असतील, याची चौकशी सुरू होते. वारा येणारी, दरीकडे तोंड असलेली खोली कुणाची, हा प्रश्न मात्र निघत नाही. ती आपली. शनिवारवाड्यातल्या हजारी कारंजापाशी उभे असलेले सगळे पर्यटक मनातल्या मनात पेशवे असतात. एखादा फारच विनम्र असला तर नाना फडणीस होतो. त्या कारंजात पाणी सोडणारा, रात्रभर दिवटी धरून उभा राहणारा किंवा हत्तीची लीद उचलणारा आपल्या अंगात संचारल्याचं आजवर कोणी सांगितलेलं नाही. वाड्यात मालक एक आणि राबणारे ढीगभर, तेव्हा हिशेबाने पाहिलं तर आपल्यातले बहुतेक जण लीदवालेच निघायला हवेत. पण अशा वेळी हिशेब करायला कोणी तयार नसतो.

आमच्या घरची मंडळी आंबागडावर गेली तेव्हा हेच झालं. फरक एवढाच, की आंबागड हा किल्ला असा आहे, जिथे राहायची हौस धरण्याआधी माणसाने दोनदा विचार करावा.

“भंडाऱ्यात किल्ला आहे?” हा प्रश्न पुण्याच्या मेहुण्यांनी विचारला. पुण्याचा माणूस हा प्रश्न भुवई जितकी वर नेऊन विचारतो, तितका उंच किल्ला आमच्या जिल्ह्यात नाही, हे खरं. पण पवनीला आहे, सानगडीला आहे आणि तुमसर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या डोंगरांत आंबागड आहे. बाहेरच्या जगाला भंडारा म्हणजे तांदूळ, पितळेची भांडी आणि तळी, एवढंच ठाऊक. तेही ठाऊक असलं तर! मेहुण्यांना तर भंडारा आणि भंडारदरा यांतला फरकही लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळला. तेव्हा त्यांना दाखवायचंच, असा बेत ठरला आणि एक गाडी भरून निघाली. पुढे मोठे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, सेवानिवृत्त तलाठी. मागे मेहुणे, वहिनी, मावशी आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा भाचा. डब्याची जबाबदारी मावशीवर असल्यामुळे मधल्या सीटवर बसायचा मान तिचा.

गडाचा इतिहास भाच्याने सांगितला. त्याला इतिहास सलग येत नाही, पर्यायांत येतो. “देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह. बारा खेडी जोडून नागपूर वसवलं, साल 1702. औरंगजेबाच्या मदतीने गादी मिळवली, पुढे त्याच्याशीच बिनसलं. आंबागड कोणी बांधला? त्याचा सिवनीचा सुभेदार राजा खान पठाण. साधारण 1700.” मग जरा थांबून, “यांपैकी सर्व बरोबर.”

औरंगजेबाने रागाच्या भरात या राजाचं ‘बख्त बुलंद’, म्हणजे थोर नशिबाचा, हे नाव बदलून ‘निगून बख्त’, म्हणजे फुटक्या नशिबाचा, असं केलं म्हणतात. नाव बदलून माणसाला धडा शिकवता येतो, ही समजूत दिल्लीत बरीच जुनी दिसते.

भाऊजींना राजाच्या नशिबात रस नव्हता. त्यांना रचना कळली. “म्हणजे मुख्यालय सिवनी आणि हे उपकार्यालय,” ते म्हणाले. हयातभर तलाठी सज्जा सांभाळलेल्या माणसाला जगातला कुठलाही किल्ला शेवटी कार्यालयच दिसतो. डोंगरावर एवढा तट बांधायचा म्हणजे आधी प्रस्ताव गेला असणार, त्यावर देवगडहून शेरा आला असणार, ‘खर्च कमी करून फेरसादर करावा’. मग राजा खानाने एक बुरूज कमी करून तोच खर्च दाखवला असणार, इथपर्यंत त्यांनी पायऱ्या चढता चढता उभं केलं. त्यांच्या मते इथे किल्लेदार म्हणून कोणाला पाठवत असतील याबद्दल शंकेला जागाच नव्हती. “ज्यानं साहेबाचं ऐकलं नाही त्याला.” आता सिवनी मध्य प्रदेशात गेलं. आज राजा खानाला आंबागडाची तपासणी करायची झाली तर राज्याची सीमा ओलांडावी लागेल आणि प्रवासभत्त्याचं बिल दोन्ही सरकारं एकमेकांकडे ढकलतील, याचं भाऊजींना मनापासून वाईट वाटलं.

तटापाशी मेहुण्यांनी राजगड काढला. हे होणारच होतं. पुण्याचा माणूस कुठल्याही किल्ल्यावर गेला तरी राजगड पाठीवरच्या सॅकमध्ये घेऊन येतो. तट पाहून म्हणाले, “बरा आहे, पण संजीवनी माचीसारखा दुहेरी नाही.” दरवाजा पाहून म्हणाले, “गोमुखी असता तर.” शेवटी मावशीने विचारलं, “त्याईचा किल्ला एवढा चांगला आहे, तं इकडं काहाले आले जी हे?” मेहुण्यांना झाडीबोली कळत नाही, म्हणून त्यांनी ती स्तुती समजून हात जोडले.

बालेकिल्ल्यात गेल्यावर, पडक्या महालाच्या भिंती दिसताच, वाटणी सुरू झाली.

वहिनींनी आल्या आल्या एका कमानीला राणीमहाल म्हणून जाहीर केलं आणि तिथे फोटोला उभ्या राहिल्या. महाराष्ट्रात जिथे जिथे दोन भिंती आणि एक कमान उरली आहे, तिथे राणीचा महाल असतो. भिंत एकच उरली असेल तर ते राणीचं न्हाणीघर. राजाचं न्हाणीघर कुठेही सापडत नाही. इतिहासात राजांच्या इतक्या स्वाऱ्या का निघत, याचं हे एक कारण असू शकेल. आंबागडावर तर राणीचा संबंधच काय? राजा देवगडला, सुभेदार सिवनीला आणि इथे होता, असलाच तर, एक किल्लेदार. पण वहिनींना हे सांगायची कुणाची छाती नव्हती. मेहुण्यांनी सर्वांत उंच बुरूज घेतला आणि छातीवर हात बांधून ते राजा खान झाले. भाऊजींनी दरवाज्यालगतची खोली निवडली. जाणाऱ्या-येणाऱ्यावर लक्ष राहतं आणि कोणी अर्ज घेऊन आला तर पहिला आपल्याकडेच येतो. भाच्याने दारूगोळ्याचं कोठार मागितलं, कारण तिथे अभ्यासाला शांतता मिळेल. मी एक सावलीची, पश्चिमेकडची खोली मनाशी धरून ठेवली होती. तीच वहिनींना वस्त्रागारासाठी हवी होती. थोडी बोलाचाली झाली. आमच्या जिल्ह्याचीसुद्धा 1999 साली वाटणी होऊन गोंदिया वेगळा निघाला, पण तिथे निदान मध्ये सरकार होतं.

मावशी मात्र या सगळ्यात नव्हती. ती महालभर फिरून आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “एवढा मोठा वाडा बांधला, अना चूल कुटी?”

कोणालाच सांगता येईना. तेव्हापासून माझ्या डोक्यातून राजा खान उतरला आणि किल्लेदाराची बायको येऊन बसली.

तिचं नाव, गाव, धर्म यांतलं काही मला ठाऊक नाही, पण तिला आणताना नवऱ्याने काय सांगितलं असेल, ते मी अगदी शब्दश: सांगू शकतो. “हवा चांगली आहे. घर प्रशस्त आहे. मुख्य म्हणजे भाडं नाही.” बदलीच्या गावाबद्दल नवरे आजही हेच सांगतात. मग ती पालखीत बसून पायथ्याशी येते, वर पाहते आणि त्यानंतर बहुधा बराच काळ त्यांचं बोलणं होत नाही. वर सगळं आहे. तट आहे, बुरूज आहेत, खाली चहूकडे जंगल आहे. फक्त शेजारीण नाही. दही लावायचं तर विरजण कुणाकडे मागायचं? मीठ संपलं तर माणूस गड उतरून जाणार आणि दुपार उलटल्यावर परत येऊन सांगणार, की आज बाजार नव्हता. पावसाळ्यात सातपुड्याकडून ढग आले की धुतलेलं लुगडं कुठे वाळत टाकायचं? तटावर टाकलं तर शत्रूला पांढरं निशाण वाटेल. रंगीत टाकलं तर गावात चर्चा. नवरा दिवसभर शिपायांवर ओरडणार, संध्याकाळी बुरुजावर जाऊन दक्षिणेकडे पाहत बसणार आणि विचारलं तर म्हणणार, “टेहळणी करतोय.” सासू सिवनीला ठेवून आलो, एवढंच काय ते या नोकरीतलं सुख, तर पहिल्याच उन्हाळ्यात हवापालटासाठी सासू हजर. तिला तर दरीकडची खोली द्यावीच लागली असणार.

बखरी लिहिणाऱ्यांनी वेढे आणि तह लिहिले. विरजणाचं कोणी लिहिलं नाही. माझ्या मते गड जेवढे शत्रूने पाडले तेवढेच ‘मी इथे आणखी एक पावसाळा काढणार नाही’ या वाक्यानेही पडले असतील, पण त्याला पुरावा मिळणं कठीण.

महालाचा विषय तिथेच संपला असता, पण मावशीला चूल सापडेना म्हणून ती पाणी शोधायला निघाली आणि तिला विहीर सापडली.

आंबागडाची ख्याती राजा खानामुळे नाही, या आतल्या विहिरीमुळे आहे. पुढे देवगडच्या गादीवरून घरातच भांडणं लागली, विधवा राणी रतनकुंवरने मदतीला म्हणून रघुजी भोसल्यांना बोलावलं आणि 1743 पासून रघुजीच सगळ्याचे धनी झाले. घरच्या भांडणात बाहेरचा पंच बोलावला की काय होतं, हे इथे भाऊजींनी तीन शेतांच्या उदाहरणांसह सांगितलं. ती उदाहरणं गाळतो, कारण त्यांतले दोन पक्ष अजून हयात आहेत. तर भोसल्यांच्या अमलात या गडाचा तुरुंग झाला. आणि इंग्रजांनी मध्य प्रांताच्या गॅझेटियरमध्ये इथली दंतकथा नोंदवून ठेवली, की या गडावर धाडलेल्या कैद्यांना आतल्या विहिरीचं साचलेलं, कुजकं पाणी प्यावं लागे आणि त्यानेच ते थोड्या दिवसांत मरत.

भाच्याने हे सांगितल्यावर सगळे विहिरीपासून दोन पावलं मागे झाले. मावशी पुढे झाली. तिने वाकून पाहिलं, मग भाच्याला उलटतपासणीला घेतलं.

“पाहारेकरी होते नं वर?”

“होते.”

“मंग ते कोनता पानी पेत होते?”

भाचा गप्प. हा प्रश्न कुठल्याच पेपरला आलेला नाही.

“त्याईच्यासाठी खालून आनत असतील, तं आननारा कोन? अना त्यानं वर चढता चढता कैद्याले एक तांब्या देला नसन, कायवरून?”

मी या विषयावर जेवढं वाचलं आहे, त्यात एवढा नेमका प्रश्न कोणी विचारलेला नाही. गॅझेटियर लिहिणाऱ्या साहेबांच्या घरी पाणी भिस्ती भरत असे, त्यामुळे पाणी कुठून येतं हा प्रश्न त्यांना पडला नसावा. मावशीने आयुष्यभर स्वत: भरलं.

भाऊजींना मात्र या दंतकथेत प्रशासनाचा एक उत्कृष्ट नमुना दिसला. फाशी द्यायची म्हणजे हुकूम हवा, त्यावर सही हवी, उद्या वारस उभे राहिले तर जबाब हवा. इथे काहीच नको. माणूस बदलीवर पाठवल्यासारखा पाठवायचा. दप्तरात एक ओळ, ‘पाणी मानवलं नाही’. कोणाचा दोष? पाण्याचा. चौकशी कोणाची करणार? विहिरीची. “फाइल तिथेच बंद,” भाऊजी इतक्या आदराने म्हणाले, की मला क्षणभर त्यांच्या सज्ज्यातल्या विहिरींची काळजी वाटली.

मावशीचा मुळात त्या पाण्यावर विश्वासच नव्हता. तिने डबा उघडून लाखोरीच्या डाळीचे वडे वाटायला घेतले. लाखोरी हे आमच्या झाडीपट्टीचं पीक. तिने माणूस पांगळा होतो, म्हणून 1961 साली सरकारने तिच्या विक्रीवर बंदी घातली होती. “आमी बंदीतबी खाल्ली,” मावशी म्हणाली. “धान निघाला का त्याच बांधीत लाखोरी. कोनाले का झाला?” मेहुण्यांनी हातातला वडा परत डब्यात ठेवला. काही वेळाने, कोणी पाहत नाही असं पाहून, पुन्हा उचलला आणि मग आणखी घेतले.

वडे खाताना मला त्या गडाचा खरा विनोद दिसू लागला; विनोदच म्हणायचा तर. खाली जिकडे पाहावं तिकडे पाणी. सिवनीत उगम पावलेली वैनगंगा जिल्हाभर वाहते. गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी खोदलेली, बांधलेली तळी गावोगाव आहेत. सरकारी कागदात त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात आणि लोक ‘मामा तलाव’ म्हणून मोकळे होतात. तळ्यांचा जिल्हा म्हणून मिरवणाऱ्या मुलखात भोसल्यांनी तुरुंगासाठी नेमकी ती जागा निवडली, जिथे प्यायला पाणी नाही. कैदी बुरुजावरून खाली पाहत असतील तर त्यांना उन्हात चकाकणारी तळी दिसत असणार. आणखी वेगळी शिक्षा द्यायची गरज नव्हती.

मेहुण्यांनी विचारलं, “मग इथे भूत असेल?” शनिवारवाड्यावर आहे. 1773 साली मारल्या गेलेल्या नारायणरावांचं. त्याला ठरलेली हाक आहे, ठरलेली रात्र आहे. आम्ही जरा ओशाळलो. इतकी माणसं इथे मेली म्हणतात, आणि दाखवायला एकही भूत नाही! पण भूत व्हायलासुद्धा आधी नाव लागतं. कोणीतरी ते आठवणीत ठेवावं लागतं, त्याला काका लागतो. इथल्या कैद्यांचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही. ते ओरडले तरी कुणाला हाक मारतायत, हे कळायला मार्ग नाही. ज्यांनी त्यांना धाडलं त्या भोसल्यांचं राज्य 1854 साली इंग्रजांनी घशात घातलं आणि नागपूरच्या महालातला त्यांचा काळ्या दगडाचा, कोरीव लाकूडकामाचा जुना राजवाडा 1864 साली जळाला. उरला तो दरवाजा. वाड्याच्या बाबतीत आंबागड तेवढा तरी पुढे आहे.

नावं मात्र आता भरपूर आहेत. भिंतीवर, कमानीवर, बुरुजाच्या आतल्या अंगाला. बाणाने भोसकलेल्या बदामात दोन दोन. गडाच्या तीनशे वर्षांत एवढी चोख नोंद कुठल्याच रहिवाशाची झालेली नाही. पुढच्या शतकातला कोणी संशोधक इथे आला तर तो निष्कर्ष काढील, की हा किल्ला इ. स. 2000 नंतर प्रेमात पडलेल्या जोडप्यांनी सामुदायिक वर्गणी काढून बांधला.

उतरताना पुन्हा वाटणीचा विषय निघाला. कारण वहिनींनी माझी खोली परस्पर मेहुण्यांना पाहुण्यांची खोली म्हणून देऊन टाकली होती. मेहुण्यांचं म्हणणं, राजा खान पाहुण्यांच्या खोलीत का उतरेल, गडच त्याचा. वहिनींचं म्हणणं, राणी कायम राहते आणि सुभेदार दौऱ्यावर येतो, तेव्हा पाहुणाच. भाऊजींनी फेरफार नोंदवायची तयारी दाखवली, मात्र सगळ्या हिस्सेदारांची संमती हवी म्हणाले. गाडीत तुमसर येईपर्यंत हेच चाललं. राजा, राणी, दिवाण आणि कोठाराचे अधिकारी तुमसरच्या एका टपरीवर चहाला उतरले तेव्हाही भांडण संपलेलं नव्हतं. चहा झाला, भजी झाली, पुन्हा चहा झाला. टपरीवाला हातात फडकं घेऊन हे राज्य ऐकत उभा होता. उठायची वेळ झाली तसा पुढे आला आणि अदबीने म्हणाला, “तुमच्यात राजा कोन आहे जी? पैसे कोनापासून घेऊ?”

मेहुण्यांनी मोबाइल कानाला लावला. वहिनी मावशीची पिशवी शोधू लागल्या. भाऊजींनी खिसा चाचपून पाहिला आणि सगळ्यांच्या आधी म्हणाले, “मी तर बाबा कैदी होतो.”